पाहुणे की घरचे? : ब्रिटिश स्पीडवेतील सागरपार स्वार आणि त्यांच्या नोंदींची समीक्षा

प्रस्तावना

कोणत्याही खेळाचा इतिहास लिहिताना नावांच्या याद्या अपरिहार्य ठरतात. कोण खेळला, कोणत्या संघाकडून खेळला, किती गुण मिळवले आणि तो कोणत्या देशाचा होता, एवढी माहिती यादीत असली की नोंद पूर्ण झाली असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटनमधील स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीच्या खेळाबाबत अशा याद्यांची परंपरा विशेष समृद्ध आहे. या खेळाचा प्रेक्षक मैदानावर छापील कार्यक्रमपत्रिका विकत घेतो आणि प्रत्येक शर्यतीनंतर तिच्यातील रकान्यात स्वतःच्या हाताने गुण भरतो. नोंद ठेवणे हा प्रेक्षकाच्या आनंदाचाच भाग असलेले असे खेळ थोडे आहेत. या प्रेमातूनच देशवार मांडलेल्या सागरपार स्वारांच्या याद्या तयार झाल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, स्वीडन, डेन्मार्क, पोलंड असे त्यांचे विभाग पाडले जातात आणि प्रत्येक विभागात नावे व वर्षे येतात.

प्रस्तुत लेखात या याद्यांच्या अचूकतेविषयी शंका घेतलेली नाही. ज्या कोटीवर त्या उभ्या आहेत त्या कोटीचे परीक्षण करणे हा लेखाचा उद्देश आहे. ‘सागरपार स्वार’ म्हणजे नेमका कोण? ही भूगोलाने ठरवलेली कोटी आहे की व्यवस्थापनाच्या सोयीने? आणि ती तशीच स्वीकारल्याने खेळाच्या इतिहासातील कोणती गोष्ट आपल्या नजरेआड होते? या प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

मराठीत ‘परदेशी’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. दुसऱ्या देशातून आलेला तो परदेशी आणि जो आपला नाही तोही परदेशी. पहिला अर्थ केवळ ठिकाण सांगतो, दुसरा नाते नाकारतो. ब्रिटिश स्पीडवेच्या इतिहासात या दोन अर्थांची सरमिसळ वारंवार झालेली दिसते.

खेळाचे स्वरूप

मराठी वाचकाला हा खेळ फारसा परिचित नसल्याने त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अंडाकृती, सैल मातीच्या किंवा बारीक खडीच्या धावपट्टीवर चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. मोटारसायकल ५०० घनसेंटिमीटर क्षमतेची असते, ती मिथेनॉलवर चालते आणि तिला ब्रेक नसतात. वळणावर मागचे चाक बाहेर घसरू देऊन, पोलादी तळ बसवलेला डावा पाय जमिनीवर टेकवून स्वार गाडी वळवतो. पहिल्या स्वाराला ३, दुसऱ्याला २ व तिसऱ्याला १ गुण मिळतो. चौथ्याला काहीच मिळत नाही. सांघिक सामन्यात प्रत्येक संघाचे दोन-दोन स्वार एका शर्यतीत उतरतात. त्यामुळे हा खेळ एकाच वेळी एकट्याचाही असतो आणि जोडीचाही.

प्रत्येक स्वाराची सरासरी काढण्याची पद्धत या खेळाच्या व्यवस्थेचा कणा आहे. चार शर्यतींमागे मिळवलेले गुण अशी ती मोजली जाते. म्हणून प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्या स्वाराची सरासरी १२ येते. सहकाऱ्याच्या लगेच मागे राहून शर्यत संपवणाऱ्यास जादा गुण दिला जातो. पुढे लीगमधील संघ तुल्यबळ राहावेत म्हणून संघातील सर्वांच्या सरासऱ्यांच्या बेरजेवर मर्यादा घालण्यात आली. या मर्यादेमुळे उत्तम स्वार संघासाठी जमेची बाजू ठरतो आणि त्याच वेळी गणिती ओझेही ठरतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल.

आरंभच बाहेरचा

ब्रिटनमधील स्पीडवेचा आरंभ सामान्यतः १९ फेब्रुवारी १९२८ रोजी एपिंग फॉरेस्टमधील हाय बीच येथे झालेल्या शर्यतींपासून मानला जातो. त्यांत बिली गॅलोवे आणि कीथ मॅके हे ऑस्ट्रेलियातून आलेले स्वार होते. खेळाचे मूळ न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे डिसेंबर १९२३ मध्ये झालेल्या शर्यतींत शोधले जाते. या मताला विरोध करणारेही आहेत. परंतु तेथील शर्यतींचे आयोजक जॉनी हॉस्किन्स हे जन्माने न्यूझीलंडचे होते आणि १९२८ पासून त्यांनी ब्रिटनमध्ये संयोजक म्हणून दीर्घकाळ काम केले, याविषयी दुमत नाही. जून १९३० मध्ये विम्बल्डन येथे झालेला इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्यातील पहिला अधिकृत कसोटी सामना ऑस्ट्रेलियाने ३५-१७ असा जिंकला.

यावरून एक विसंगती स्पष्ट होते. जो खेळच बाहेरून आला त्या खेळात बाहेरचा कोण, हा प्रश्न आरंभापासूनच अवघड होता. तरीही इतिहासलेखनात इंग्रज स्वार हे मुख्य कथानक आणि सागरपार स्वार हे परिशिष्ट, अशी मांडणी रूढ झाली.

अजिंक्यपदाच्या नोंदी या मांडणीला आधार देत नाहीत. वेम्बली येथे १९३६ मध्ये झालेली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या लायनेल व्हॅन प्राग यांनी जिंकली. १९३७ मध्ये जॅक मिल्न, विल्बर लॅमोरो आणि कॉर्डी मिल्न या तीन अमेरिकी स्वारांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ब्लूई विल्किन्सन विजेते ठरले. पहिला इंग्रज विजेता टॉमी प्राइस यांच्या रूपाने १९४९ मध्ये मिळाला. एका रात्रीच्या अंतिम फेरीवर अजिंक्यपद ठरवण्याची पद्धत १९९४ पर्यंत चालली. या पद्धतीने झालेल्या ४९ अंतिम फेऱ्यांपैकी इंग्लंड व वेल्सच्या स्वारांनी मिळून ८ जिंकल्या. उरलेल्या ४१ फेऱ्यांच्या विजेत्यांपैकी बहुतेकांनी आपले कौशल्य ब्रिटिश मैदानांवर घडवले किंवा सिद्ध केले होते. १९७३ मध्ये विजयी झालेले पोलंडचे येर्झी श्चाकिएल यांच्यासारखे अपवाद मोजकेच आहेत.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

आकड्यांचे स्वरूप समजण्यासाठी १९३६ च्या अंतिम फेरीचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या रात्री ब्लूई विल्किन्सन यांनी आपल्या पाचही शर्यती जिंकून १५ पैकी १५ गुण मिळवले, तरीही ते तिसरे आले. पात्रता फेऱ्यांतील कामगिरीचे जादा गुण अंतिम फेरीच्या गुणांत मिळवण्याचा नियम होता. त्यानुसार व्हॅन प्राग व एरिक लँग्टन यांचे प्रत्येकी २६ आणि विल्किन्सन यांचे २५ गुण झाले. विजेता ठरवण्यासाठी व्हॅन प्राग आणि लँग्टन यांच्यात स्वतंत्र शर्यत घ्यावी लागली. त्या रात्री एकदाही पराभूत न झालेला स्वार नोंदवहीत तिसऱ्या क्रमांकावर दिसतो.

येथे नियम मोडला गेला नाही किंवा कोणी अन्यायाच्या हेतूने वागले असेही नाही. मुद्दा वेगळा आहे. नोंद जे मोजण्यासाठी तयार केलेली असते तेवढेच ती मोजते. देशवार यादीबाबतही हेच म्हणता येईल. ती पारपत्र मोजते. स्वार कोणाकडून शिकला, त्याने कोणाला घडवले आणि कोणत्या गावाने त्याला आपला मानले, यांसाठी तिच्यात रकाना नाही.

सोयीनुसार बदलणारी सीमा

‘सागरपार’ ही कोटी किती लवचीक होती याचे सर्वांत ठळक उदाहरण न्यूझीलंडच्या स्वारांचे आहे. रॉनी मूर, बॅरी ब्रिग्ज आणि आयव्हन मॉगर हे तिघेही क्राइस्टचर्च या एकाच शहरात वाढले आणि तिघांचीही ब्रिटनमधील सुरुवात लंडनच्या विम्बल्डन संघातून झाली. मूर यांनी २, ब्रिग्ज यांनी ४ व मॉगर यांनी ६ अशी एकूण १२ वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदे मिळवली. जागतिक स्पर्धेच्या पात्रतेसाठी राष्ट्रकुलातील स्वारांना दीर्घकाळ ब्रिटिश गटातून जावे लागे. परिणामी ब्रिटिश अजिंक्यपदच न्यूझीलंडच्या हाती गेले. १९६४ ते १९७२ या सलग नऊ वर्षांत हा किताब ब्रिग्ज आणि मॉगर यांच्याखेरीज कोणालाही मिळाला नाही.

सांघिक स्पर्धेतही हेच घडले. १९६८ मध्ये ग्रेट ब्रिटनने जागतिक सांघिक चषक जिंकला तेव्हा संघात मॉगर आणि ब्रिग्ज होते. १९७४ पासून इंग्लंडचा स्वतंत्र संघ उतरू लागला आणि न्यूझीलंडचे स्वार ‘ब्रिटन’च्या बाहेर गेले. पुढे १९७९ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर न्यूझीलंडने हाच चषक स्वतःच्या नावावर जिंकला आणि त्या संघातही मॉगर होते. अकरा वर्षांच्या अंतराने तोच माणूस आधी ब्रिटनचा विजेता आणि मग ब्रिटनच्या राजधानीत परक्या देशाचा विजेता ठरला. त्याचे गाव बदलले नव्हते, घराणे बदलले नव्हते. बदलली होती ती संघनिवडीची व्याख्या.

याच्या विरुद्ध टोकाला स्वीडिश स्वारांचा अनुभव आहे. स्वीडनचे ओव्हे फुंडीन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्विच संघाकडून खेळताना त्या शहराचे प्रेम मिळवले आणि एकूण पाच जागतिक अजिंक्यपदे जिंकली. परंतु विमानप्रवास सुलभ झाल्यावर स्वदेशी राहून केवळ सामन्यापुरते ब्रिटनला ये-जा करणाऱ्या स्वारांविषयी नाराजी वाढली. १९७४ च्या हंगामात अशा स्वीडिश स्वारांना ब्रिटिश लीगची दारे बंद करण्यात आली. आदल्या वर्षी लीग जिंकणाऱ्या रेडिंग संघातील आंडर्स मिखानेक त्यामुळे बाहेर राहिले. त्याच वर्षी गोटेबोर्ग येथील अंतिम फेरीत पाचही शर्यती जिंकून ते जगज्जेते झाले. दुसरीकडे, त्या वर्षीची ब्रिटिश लीग एक्सेटर संघाने जिंकली आणि त्या संघाचे प्रमुख स्वार होते आयव्हन मॉगर. ब्रिटनपासून काही तासांच्या अंतरावरचा स्वार परका ठरला आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा स्वार घरचा राहिला. ‘सागरपार’ हा शब्द अंतराचा निदर्शक नव्हता, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

विद्येचे वहन

देशवार यादीत न बसणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका स्वाराकडून दुसऱ्याकडे जाणारे कौशल्य. मॉगर १९५७ मध्ये विम्बल्डनला प्रथम आले तेव्हा त्यांना यश मिळाले नाही आणि ते परत गेले. १९६३ मध्ये ते पुन्हा आले ते प्रांतिक लीगमधील न्यूकॅसल संघात. तेथून त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली. डेन्मार्कमध्ये त्यांनी घेतलेल्या प्रशिक्षणवर्गातून ओले ओल्सेन हा तरुण पुढे आला आणि १९६७ मध्ये न्यूकॅसल संघात दाखल झाला. मॉगर यांच्या सलग तीन अजिंक्यपदांनंतर १९७१ मध्ये ओल्सेन जगज्जेते झाले. १९७५ मध्ये त्यांनी डेन्मार्कमधील व्होयेन्स येथे धावपट्टी उभारली. १९८४ ते १९८९ या सहा वर्षांत वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद एरिक गुंडरसन व हान्स नील्सन या दोन डॅनिश स्वारांकडेच राहिले. त्या काळात गुंडरसन क्रॅडली हीथकडून आणि नील्सन ऑक्सफर्डकडून ब्रिटिश लीगमध्ये खेळत होते.

क्राइस्टचर्च, न्यूकॅसल, व्होयेन्स, क्रॅडली हीथ आणि ऑक्सफर्ड अशी ही साखळी आहे. देशवार यादीत तिचे न्यूझीलंड व डेन्मार्क असे दोन तुकडे होतात आणि इंग्लंडमधील कडी तर दिसतच नाही. ती कडी म्हणजे आठवड्याला भरणाऱ्या सामन्यांची, भिन्न आकारांच्या धावपट्ट्यांची आणि जाणत्या प्रेक्षकांची व्यवस्था. ब्रिटिश लीग ही या स्वारांची शाळा होती. शाळेची थोरवी तिच्या गावात जन्मलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर मोजणे योग्य नाही.

येथे विरोधी मताची दखल घेणे न्याय्य होईल. सागरपार स्वारांमुळे स्थानिक तरुणांच्या जागा गेल्या, विमानभाड्याचा व मानधनाचा बोजा संघांवर पडला आणि देशी प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष झाले, असा आक्षेप घेतला जातो. संघात सातच जागा असतात. त्यामुळे पहिल्या मुद्द्यात तथ्य आहेच. खर्चाचा मुद्दाही नाकारता येत नाही. परंतु तिसऱ्या मुद्द्याला पीटर कॉलिन्स यांचे उदाहरण छेद देते. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघात कॉलिन्स १९७१ मध्ये आले. त्या वेळी मॉगर त्याच संघात होते आणि १९७० ते १९७२ अशी तीन वर्षे हा संघ लीगविजेता होता. १९७६ मध्ये कॉलिन्स जगज्जेते झाले. जगातील सर्वोत्तम स्वाराच्या सोबतीने जोडीत धावण्याचा अनुभव हे कोणत्याही शिबिरात न मिळणारे शिक्षण असते. जागा अडवणारा आणि वाट दाखवणारा पाहुणा एकच असू शकतो. त्यामुळे आक्षेपाचे उत्तर सरसकट बंदीत सापडत नाही. स्थानिक तरुणासाठी राखीव संधी आणि त्याच्या शेजारी उत्तम स्वार, या दोन्हींच्या मेळात ते सापडू शकते. सरासरीच्या मर्यादेने हा मेळ साधण्याऐवजी अनेकदा उत्तम स्वारालाच संघाबाहेर काढले, ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव म्हणावी लागेल.

जोखमीला देश नसतो

सागरपार स्वारांच्या कर्तृत्वाची चर्चा करताना त्यांनी चुकवलेली किंमत विसरता येत नाही. अमेरिकेचे अर्नी रोचिओ १९५२ मध्ये वेस्ट हॅमच्या मैदानावर झालेल्या अपघातात मृत्यू पावले. न्यूझीलंडचे गॅरी पीटरसन १९७५ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे मरण पावले. १९८९ मध्ये ब्रॅडफर्ड येथील जागतिक सांघिक चषकाच्या अंतिम फेरीत झालेल्या अपघाताने एरिक गुंडरसन यांची कारकीर्द संपली. यादीत अशा नावांसमोर एक वर्ष अधिक असते, एवढेच. ज्या मैदानासाठी माणूस जिवावर उदार होतो त्या मैदानाच्या इतिहासात त्याला ‘बाहेरचा’ या सदरात ठेवणे कितपत उचित आहे, याचा विचार अभ्यासकांनी करावयास हवा.

प्रवाह उलटला

१९९५ मध्ये एका रात्रीच्या अंतिम फेरीची जागा ग्रां प्री मालिकेने घेतली. याच सुमारास पोलंडमधील लीग आर्थिकदृष्ट्या बलवान होत गेली आणि कालांतराने खेळाचे केंद्र तिकडे सरकले. १९७० च्या दशकात हॅकनी संघाकडून खेळलेल्या झेनॉन प्लेख यांच्यासारखे पोलिश स्वार ब्रिटनमध्ये अपवादाने दिसत. आता चित्र पालटले आहे. २०१९ पासून अनेक वेळा जगज्जेते ठरलेले बार्टोश झ्मार्झलिक यांची कारकीर्द ब्रिटिश लीगच्या आधाराविना घडली. उलट इंग्लंडचे स्वार उपजीविकेसाठी पोलंडला जाऊ लागले. २०१२ मध्ये इंग्लंडचे ली रिचर्डसन यांना व्रोत्सवाफ येथील शर्यतीत प्राण गमवावे लागले. तेथील नोंदींत सागरपार स्वार म्हणून आता इंग्रजांची नावे येतात. पोलंडमध्येही देशी व परदेशी स्वारांच्या प्रमाणाचे नियम आहेत आणि त्यांवर वादही होतात. ज्यांनी कधी पाहुण्यांची गणती केली तेच आता दुसऱ्याच्या दारी पाहुणे झाले आहेत.

दरम्यान ब्रिटनमधील मैदाने एकामागून एक बंद होत गेली. क्रॅडली हीथचे डडली वुड मैदान १९९५ नंतर गेले, कव्हेंट्रीच्या ब्रँडन मैदानावर २०१६ नंतर शर्यती झाल्या नाहीत आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानावरील स्पीडवे २०२३ मध्ये थांबला. मँचेस्टर येथे २०१६ मध्ये उभे राहिलेले राष्ट्रीय स्पीडवे मैदान हा या पडझडीतील दिलासा आहे. मात्र २०१३, २०१५ व २०१८ मध्ये ब्रिटनला जागतिक अजिंक्यपद मिळवून देणारे टाय वॉफिंडन यांचा जन्म स्कन्थॉर्पचा असला, तरी त्यांचे बालपण ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेले आणि स्वार म्हणून त्यांची जडणघडण तेथेच सुरू झाली. त्यांना कोणत्या रकान्यात बसवावे? पारपत्राने ते ब्रिटिश आहेत. शिक्षणाने ते त्या जुन्या सागरपार परंपरेचे वारस आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ब्रिटिश स्पीडवेतील ‘सागरपार स्वार’ ही कोटी स्थिर नव्हती. संघनिवड, पात्रता आणि आर्थिक सोय यांनुसार तिची सीमा वेळोवेळी सरकत राहिली. दुसरी, या स्वारांना परिशिष्टात ठेवणारी मांडणी खेळाच्या प्रत्यक्ष घडणीशी सुसंगत नाही, कारण खेळाची गुणवत्ता त्यांच्या येण्याजाण्यातून व परस्परांच्या शिकण्यातून तयार झाली. तिसरी, देशवार यादी टाकून देण्याची गरज नाही. परंतु तिच्या शेजारी मैदानवार आणि गुरुशिष्यांच्या क्रमाने मांडलेली नोंद असणे आवश्यक आहे. नाहीतर आपण पारपत्रांचा इतिहास लिहू आणि खेळाचा इतिहास निसटून जाईल.

लंडनच्या पूर्व भागातील वेस्ट हॅमचे मैदान १९७२ मध्ये बंद झाले आणि त्या जागी घरे उभी राहिली. त्या वसाहतीतील रस्त्यांना त्या मैदानाशी नाते असलेल्यांची नावे देण्यात आली. त्यांत इंग्रज स्वारांबरोबर विल्किन्सन आहेत, यंग आहेत आणि हॉस्किन्सही आहेत. पहिले दोघे ऑस्ट्रेलियाचे, तिसरे न्यूझीलंडचे. रस्त्यांना नावे देणाऱ्यांनी देशवार विभाग पाडले नाहीत. या खेळाच्या इतिहासकारांनीही ती पाटी एकदा लक्षपूर्वक वाचावी.